प्रायोजकाच्या शोधात निघण्यापूर्वी

कलेला राजाश्रय तरी हवा अथवा लोकाश्रय तरी, हा विचार आपल्या मनात इतका खोलवर रुजलेला आहे की, घरातल्या एखाद्या खोलीत बसून स्वतंत्रपणे पॉडकास्ट चालविणारा मनुष्य, ध्वनिमुद्रणाच्या आणि संकलनाच्या खर्चाची तोंडमिळवणी होईनाशी झाली म्हणजे, आपोआप एखाद्या उदार दात्याच्या शोधात निघतो, आणि 'मराठीची सेवा', 'नवा प्रयोग' अशा शब्दांनी नटविलेले विनंतीपत्र घेऊन कंपन्यांची दारे ठोठावतो. उत्तर येत नाही तेव्हा समाजाच्या अरसिकतेला बोल लावून तो मोकळा होतो. प्रायोजक हा दाता असतो हा समजच मुळात सर्व गैरसमजांचा जनक होय. १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा दंतमंजनाच्या व्यापाऱ्याने आपल्या मालाचे नाव थेट कार्यक्रमाच्या शीर्षकातच गोवले, ते काही चित्रपटसंगीताच्या उद्धारासाठी नव्हे; घरोघरी ज्या वेळी कान टवकारलेले असतात ती वेळ त्याला विकत हवी होती. आकाशवाणीनेही १९६७ साली विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिरातींना दार उघडले, ते याच व्यवहाराला मान्यता देऊन. प्रायोजक गिऱ्हाईक आहे, आणि आपण त्याला नेमके काय विकतो आहोत हे विक्रेत्याला ठाऊक असले पाहिजे.

श्रोते हजारोंनी असल्यावाचून प्रायोजक मिळत नाही, हा दुसरा समज. त्याचे मूळ जाहिरातीच्या हजारी दरात आहे. एखाद्या भागाच्या दर हजार डाउनलोडमागे अमुक रुपये, असा मोठ्या शहरांतील जाहिरात-दलालांचा शिरस्ता. आता असे समजा की, निफाडकडील एखादा बागाईतदार द्राक्षशेतीवर पॉडकास्ट काढतो, प्रत्येक भाग ६०० जण ऐकतात, आणि हजारी दर ३०० रुपये धरला तर एका भागाचे त्याला १८० रुपये मिळतात. एवढ्यात पाहुण्यांचे चहापाणीही भागावयाचे नाही. परंतु हे ६०० जण कोण आहेत? ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडांची काळजी वाहणारे, ढगाळ हवा आली की केवडा आणि भुरीच्या धास्तीने पहाटे बागेत फिरणारे, एप्रिलात खरड छाटणीसाठी मजूर शोधणारे बागाईतदार! ठिबकचे संच विकणाऱ्या पिंपळगावच्या दुकानदाराला, किंवा शीतगृहाच्या मालकाला, पुण्या-मुंबईच्या लाखभर अनोळखी कानांपेक्षा हे सहाशे कान अधिक मोलाचे आहेत. त्यांतून दोन-चार नवी गिऱ्हाइके लाभली तरी त्याचा खर्च भरून निघतो. अशा ठिकाणी हजारी दराची भाषा बोलणे म्हणजे आपल्याच हाताने आपली किंमत पाडून घेणे होय. छाटणीपासून फळकाढणीपर्यंतच्या सर्व भागांसाठी एकरकमी मोबदला मागावा, आणि तो मागण्याची वेळही साधावी. दुकानदार ऑक्टोबरचा माल आधीच भरून ठेवतो, जाहिरातीचा पैसाही तेव्हाच राखून ठेवतो. तेव्हा श्रावणात त्याला भेटावे. दिवाळीनंतर गेलेला अर्ज म्हणजे वरातीमागून घोडे.

आकड्यांविषयीचा भ्रम याहून सूक्ष्म आहे. डाउनलोड म्हणजे श्रोता नव्हे. इंटरॅक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरो या संस्थेच्या मापनसंकेतांप्रमाणे, निदान एक मिनिटाचा ध्वनी उतरला असेल तरच ते डाउनलोड ग्राह्य धरतात, आणि चोवीस तासांत त्याच यंत्राने केलेली पुनरावृत्ती मोजीत नाहीत. भाग उतरला पण ऐकला गेला की नाही, याचा दाखला त्या आकड्यात नसतो. २०२३ साली ॲपलने आपल्या फोनच्या नव्या प्रणालीत, न ऐकलेल्या मालिकांचे भाग आपसूक उतरविण्याची रीत आवरती घेतली, तेव्हा एकही ऐकणारा न गमावता अनेक पॉडकास्टांचे आकडे खाली आले! म्हणून आरंभापासूनच्या डाउनलोडची भली थोरली बेरीज मिरविण्यापेक्षा, अलीकडच्या प्रत्येक भागाला पहिल्या तीस दिवसांत किती डाउनलोड मिळाले ते सांगावे, आणि सोबत श्रोत्यांनी पाठविलेले चार-दोन निरोप जोडावे. कसलेला दुकानदार आकड्यांपेक्षा त्या निरोपांतील गावांची नावे आधी वाचतो.

प्रायोजकाचे नाव उघडपणे सांगितले तर विश्वास उडतो, असे पुष्कळांना वाटते. म्हणून ते शिफारस करतात आणि पैसे घेतल्याचे मात्र गुलदस्त्यात ठेवतात. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ध्वनिमाध्यमाविषयी स्पष्टच म्हटले आहे की, ही जाहिरात आहे असा खुलासा आरंभी, अखेरीस आणि मधल्या प्रत्येक विरामाच्या आधी व नंतर ऐकवावा. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण पुरेशी खातरजमा केली होती हे सिद्ध करणारा त्यातून सुटतो. पण द्राक्षाच्या बाबतीत कायद्याहून कठोर न्यायाधीश बाजार आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांच्या मालावर आपत्ती कोसळली, हे बागाईतदार विसरलेले नाहीत. फवारणीचे औषध विकणाऱ्याकडून पैसे घेऊन त्याच भागात फवारणीचा सल्ला देणे, ही माझ्या मते कोणत्याही रकमेला न करण्याची गोष्ट आहे. ठिबक, तारा, क्रेट, शीतगृह, पतसंस्था असे प्रायोजक असताना ती करण्याचे कारणही नाही.

पैशाऐवजी वस्तू मिळाली तर कर नाही, हा समज तर थोडक्यात निकालात काढता येतो. वस्तुरूप मोबदला हे उत्पन्नच. आणि १ जुलै २०२२ पासून, वर्षाकाठी २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असा लाभ देणाऱ्या व्यावसायिकाने, लहान व्यापारी वगळता, त्यावर १० टक्के करकपातीची व्यवस्था करावयाची असते. परीक्षणासाठी आलेली वस्तू परत केली तर प्रश्न उरत नाही.

राहता राहिला करारनामा. ओळखीच्या माणसाशी कागद कशाला, असे म्हणून तो टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि वांधे बहुधा तेथेच होतात. किती भाग, जाहिरात आरंभी की मध्यावर, किती सेकंदांची, मजकुराचा मसुदा कोणाचा, त्याच धंद्यातील दुसऱ्याची जाहिरात त्या मुदतीत घ्यावयाची की नाही, हे सारे एका पानात मावते. एक कलम मात्र हटकून राहून जाते, ते जुन्या भागांचे. भागाच्या ध्वनीतच मिसळून टाकलेली जाहिरात तो भाग असेपर्यंत वाजत राहते. दसऱ्याची सवलत संपून दोन वर्षे लोटली तरी नवा श्रोता ती ऐकून दुकानात जातो, आणि दुकानदाराशी हुज्जत घालतो. तेव्हा मुदत संपताच जाहिरात काढावयाची की ठेवावयाची, काढावयाची तर तो खर्च कोणी सोसावा, हे आधीच लिहून घ्यावे, आणि निम्मी रक्कम पहिल्या भागापूर्वी पदरात पाडून घ्यावी; उरलेली कोणत्या तारखेस द्यावयाची ती तारीखही कागदावर असावी, कारण 'हंगाम आटोपल्यावर बघू' या आश्वासनावर सोडलेली बाकी पुढच्या छाटणीपर्यंत वसूल होत नाही.