याकोब बर्नुलीचे कुलूप

लवचीक पट्टीला भार लावला की ती वाकते, पण नेमकी कोणत्या वक्ररेषेत? हा प्रश्न कित्येक वर्षे माझा पाठलाग करतो आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये तुळई मोडते केव्हा, याचा विचार केला. ती वाकते कशी, याला खरा हात घातला बाझलच्या याकोब बर्नुलीने, आणि उत्तर मिळाल्यावर ते कुलूपबंद केले.

१६९१ साली लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकात त्याने कोडे मांडले. वजनरहित, सर्वत्र सारख्या जाडीची पट्टी खालच्या टोकाशी पक्की धरायची. वरच्या टोकाला इतकेच वजन टांगायचे, की तिथे पट्टी वजनाच्या दिशेशी काटकोन करील. आकार सांगा! सोबत स्वतःचे उत्तर होते, पण अक्षरे बदलून निरर्थक केलेल्या लॅटिन वाक्यात. शोध आपला ठरावा आणि हातचाही जाऊ नये, म्हणून त्या काळी असे करत. रॉबर्ट हुकने स्प्रिंगचा नियम असाच उलटसुलट अक्षरांत दडवला होता.

याकोबने किल्ली दिली ती १६९४ मध्ये. मला त्या लेखातले सर्वांत मोलाचे वाटते ते त्यामागचे तत्त्व: पट्टीच्या कोणत्याही बिंदूशी भाराचे जेवढे आघूर्ण, म्हणजे वळवण्याचा जोर, तेवढी तिथली वक्रता. ताण आणि लांबीतली वाढ यांचे प्रमाण सरळच असते, हे हुकचे म्हणणेही त्याने डोळे मिटून स्वीकारले नाही. दुसरे प्रमाण असले तरी चालेल अशी मांडणी केली. पट्टीच्या जाडीतला कोणता थर ना ताणला जातो ना दाबला जातो, ते मात्र त्याचे चुकले.

त्याच वर्षी ख्रिस्तियान हॉयगेन्सने हरकत घेतली. टोकाशी काटकोनच का? कोन बदला, म्हणजे आकार बदलेल. त्याने निरनिराळे आकार काढूनही दाखवले. याकोबची बाजू मला कितीही प्रिय असली, तरी इथे हॉयगेन्सचे म्हणणे बिनतोड होते: कुलपामागे एकाच खोलीचे दार होते. पुढच्याच वर्षी हॉयगेन्स वारला.

मग जवळजवळ पन्नास वर्षे प्रश्न फारसा हलला नाही. १७४२ साली याकोबचा पुतण्या डॅनियल याने बर्लिनला गणितज्ञ ऑयलरला पत्र लिहून एक तत्त्व सुचवले: वाकलेली पट्टी असा आकार घेते, की वक्रतेच्या वर्गाची सगळ्या लांबीभरची बेरीज किमान राहावी. बेरीज किमान कधी होते, ते शोधण्याचे गणित ऑयलरइतके कुणाच्याच हाती नव्हते. आपल्या १७४४ च्या ग्रंथाला जोडलेल्या पुरवणीत त्याने श्रेय उघडपणे डॅनियलला दिले आणि लवचीक रेषांच्या नऊ जाती लावून टाकल्या. याकोबची काटकोनी रेषा त्यांतली केवळ एक.

पहिल्या जातीत, जिथे पट्टी जेमतेम वाकते, तिथे ऑयलरला न शोधलेले सापडले. पट्टीला तिच्या लांबीच्या दिशेने दाबणारा भार ठरावीक मर्यादेखाली असेल, तर तो तिला वाकवूच शकत नाही. मर्यादा ओलांडली की ती बाजूला कलते. ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून तोच सडपातळ खांब दुप्पट उंच केला तर चौथाई भारालाच बाक घेतो.