मुलगा नाही म्हणाला, तरी घरानं सुरुवात करावी

रमजानच्या रात्री मोहल्ला उशिरापर्यंत जागा असतो. तरावीह संपते, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होते आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं सहरीपर्यंत मित्रांबरोबर बाहेर राहतात. बहुतेक घरांत यात काळजीचं काही नसतं. पण एखाद्या घरात अम्मीच्या लक्षात येतं की, दस्तरखानावर बसलेल्या मुलाची जीभ जड झाली आहे, शर्टाच्या खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी आहे, कपाटातले पैसे कमी झाले आहेत. ‘रोजामुळे थकला असेल,’ अशी ती स्वतःची समजूत घालते. अब्बूंना सांगावं तर ते मारतील, शेजारी कळलं तर थोरलीचं लग्न अडेल. या गप्प बसण्यात वर्ष निघून जातं. मुलाला सावरणं त्यातल्या त्यात सोपं असतं, तो काळ नेमका हाच.

मालेगावात ‘कुत्ता गोळी’, मराठवाड्यात ‘बटन’, कुठे खोकल्याचं औषध, कुठे पंक्चरचं सोल्यूशन. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. हुंगून करायच्या नशेचं प्रमाण त्यात प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला नशेचा हा एकच प्रकार.

प्रकरण उघड झालं की घरोघरी तेच उपाय सुचवले जातात. मार द्या, मामाकडे पाठवा, चाळीस दिवस जमातीत धाडा, वय असेल तर लग्न लावून टाका. यातलं काही जमलं नाही की सगळे म्हणतात, ‘त्याच्याच मनात नाही, तर आपण काय करणार?’

हे शेवटचं वाक्य संशोधनानं खोटं ठरवलं आहे. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात प्रशिक्षण मिळतं ते घरच्या माणसांना. उपचारांना साफ नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांबरोबर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यसनी माणसाला सगळ्यांनी समोर बसवून जाब विचारायचा, या पद्धतीनं ३० टक्के लोक उपचारांपर्यंत आले. ‘क्राफ्ट’मुळे ६४ टक्के आले. पुढे ही पद्धत किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठीही वापरली गेली. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानंही कुटुंबाला उपचारांत सामील करून घेतलं.

घरानं करायचं ते फार अवघड नाही, पण त्याला सब्र लागतो. मुलगा नशेत असताना वाद घालू नये. शुद्धीवर असताना, एकट्यात, थोडक्यात बोलावं. ‘तू बिघडलास’ म्हणण्याऐवजी ‘काल रात्री तू दोन वाजता आलास, मला झोप लागली नाही’ असं सांगावं. तो नशा न करता इफ्तारला घरी थांबला, तर त्या दिवशी त्याच्या आवडीचं काही करावं, शेजारी बसून चार गोष्टी बोलाव्यात. त्याची उधारी मात्र गुपचूप फेडू नये आणि त्याच्यासाठी कॉलेजात खोटी कारणंही सांगू नयेत. आई एक आणि वडील दुसरंच बोलले, दादीनं लपवून पैसे दिले, तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून ठरवावं. वडील आखातात असतील, तर फोनवरून त्यांनाही त्यात घ्यावं.

या महिन्यात एक धोका आवर्जून लक्षात ठेवावा. ‘पाक महिना आहे, आता सोड’ म्हणून मुलाला खोलीत कोंडणं जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या, तर झटके येऊ शकतात. ब्राऊन शुगर काही दिवस सुटून पुन्हा पहिल्याइतकीच घेतली, तर शरीराला ती सोसत नाही आणि श्वास थांबू शकतो. त्यामुळे नशा कशी कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावं. औषधं चालू असताना रोजे ठेवायचे की नाही, हेही त्यांना विचारावं. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे; राहिलेले रोजे बरं झाल्यावर पूर्ण करता येतात. व्यसन हा आजार आहे हे घरानं मान्य केलं, तर ही सवलत मुलाला देताना लाज वाटण्याचं कारण उरत नाही.

पोलिसांची भीतीही अनेकांना अडवते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थासाठी आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीनं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उलट अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

१४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरचं कुणीही फोन करू शकतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पहिल्या दिवशी मुलगा आला नाही, तरी अम्मीनं एकटीनं जावं. तिथे काय बोलायचं आणि काय टाळायचं हे तिला कळलं, तर पुढच्या खेपेला तिच्याबरोबर मुलगा येण्याची शक्यता वाढते.