लाइटबिलावरचे नाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरत शहराच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून येऊन, कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, तर कोणी घरी बसून साड्यांना लेस व खडी लावण्याच्या मजुरीवर चरितार्थ चालवणारी जी सहस्रावधी मराठी कुटुंबे आहेत, त्यांतील पुष्कळांच्या घरी दिवा जळतो तो घरमालकाच्या मीटरवर, आणि त्याचे पैसे मोजले जातात ते मालक सांगेल त्या दराने. वर्षानुवर्षे एकाच खोलीत राहूनही आपल्या नावाचे लाइटबिल असावे ही आकांक्षा ही माणसे सहसा धरीत नाहीत. कारण ते घरधन्यांचे आणि सुस्थितीतल्या लोकांचे काम, अशी त्यांची दृढ समजूत झालेली असते. विद्युत अधिनियम २००३ मात्र वीज मागणाऱ्याला प्रथम विचारतो ते इतकेच, की या जागेत तू राहतोस काय? त्याची मिळकत किती व जागा कोणाच्या मालकीची, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत, आणि पुष्कळ वेळा अप्रस्तुतही आहेत. या एका मुद्द्याचे विस्मरण झाल्यामुळे जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांचा क्रमाने परामर्श घेऊ.

आरंभी एक व्यावहारिक सूचना. सुरतेत वीजपुरवठा करणाऱ्या कंपन्या दोन आहेत : शहराच्या जुन्या भागात टोरेंट पॉवर, आणि उर्वरित शहरात व आसपासच्या टापूत, गुजरात विद्युत मंडळाच्या २००५ सालच्या विभाजनातून निघालेली दक्षिण गुजरात वीज कंपनी. आपला अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा याचा उलगडा शेजाऱ्याच्या बिलाच्या मथळ्यावरून होतो. त्यासाठी दलालाला दक्षिणा देण्याचे प्रयोजन नाही.

गैरसमज : घरमालकाने ना-हरकत दाखला दिल्यावाचून भाडेकरूला मीटर मिळत नाही.

वस्तुस्थिती : अधिनियमाच्या ४३ व्या कलमात वीज मागण्याचा अधिकार ‘मालक किंवा भोगवटादार’ अशा दोघांनाही दिला आहे, आणि सबळ कारणावाचून पुरवठा न करणाऱ्या कंपनीस दर दिवसाला १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्याच कलमात आहे. १३ मे २०२२ रोजी ‘दिलीप विरुद्ध सतीश’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले, की वीज ही मूलभूत गरज असून मालक दाखला देत नाही एवढ्याच सबबीवर भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदाराचा जागेवर कबजा आहे की नाही, एवढेच वीज कंपनीने पाहावयाचे आहे. याचा अर्थ मालकाची संमती निरुपयोगी आहे असा नव्हे. ती मिळाली तर काम सुकर होते, आणि कचेरीत ती मागितली जाते हेही खरे. परंतु संमती नसली म्हणजे मार्ग खुंटला असे समजून परत फिरू नये. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, त्याच पत्त्यावरचे आधारपत्र अशा साधनांनी आपला कबजा दाखवावा, आणि अर्ज नाकारला गेलाच तर नकार लेखी मागून घ्यावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे कठीण असते. लेखी नकार हा मात्र पुढच्या तक्रारीचा पाया होतो.

गैरसमज : मीटर ज्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर.

वस्तुस्थिती : या समजुतीने भाडेकरू आणि मालक या दोघांचेही नुकसान केले आहे. भाडेकरू बिल जपून ठेवतो तो उद्या मालकी सिद्ध होईल या आशेने, आणि मालक दाखला नाकारतो तो नेमक्या त्याच भीतीने. वास्तविक वीजबिल हा वास्तव्याचा पुरावा आहे, मालकी हक्काचा दस्तऐवज नव्हे. तीन महिन्यांच्या आतले बिल आधारपत्रावरचा पत्ता बदलण्यास चालते. परंतु तेवढ्या बळावर खोलीवर स्वामित्व सांगता येत नाही, आणि भाड्याची मुदत संपल्यावर कबजा राखण्याचा हक्कही त्यातून उत्पन्न होत नाही. हा भेद नीट उमगला तर मालकाची धास्ती कमी होईल आणि संमतीही पुष्कळदा सहज मिळेल. अहमदाबादेत या शतकाच्या आरंभी ‘सेवा’ संस्थेच्या महिला गृहनिर्माण न्यासाने तेथील वीज कंपनीच्या व महानगरपालिकेच्या सहकार्याने झोपडवस्त्यांत जी वीजजोडणीची योजना राबवली, तिचे मर्म हेच होते : जोडणीचा प्रश्न जमिनीच्या मालकीच्या प्रश्नापासून वेगळा काढण्यात आला, आणि ज्यांच्यापाशी जमिनीचा कसलाही कागद नव्हता अशी कुटुंबेही रीतसर ग्राहक झाली.

गैरसमज : कागदपत्रांचे बाड आणि उत्पन्नाचा दाखला असल्याशिवाय अर्ज घेत नाहीत.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० प्रमाणे १० किलोवॉटपर्यंतच्या जोडणीसाठी, आणि एका खोलीच्या संसाराचा भार त्याच्या कितीतरी खाली असतो, अर्जासोबत दोनच कागद पुरे आहेत : एक ओळखीचा पुरावा, दुसरा मालकीचा किंवा भोगवट्याचा, आणि हा दुसरा नसेल तर पत्त्याचा अन्य कोणताही पुरावा. घरातील वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घेतल्याचा अहवाल ही सुरक्षिततेची बाब असून ती वेगळी. उत्पन्नाचा प्रश्न जोडणीपुरता उपस्थितच होत नाही. तो उद्भवतो सवलत मागताना. मुदतीविषयी म्हणाल, तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर, नवीन खांब अथवा वाहिनी टाकावी लागत नसेल तेथे, परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून महानगर क्षेत्रात तीन, अन्य नगरपालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी द्यावयाची आहे. म्हणून अर्ज दिल्याची तारखेनिशी पोच घेतल्यावाचून खिडकीपासून हलू नये. मुदतीचे मोजमाप त्या तारखेपासून होते.

गैरसमज : अनामत म्हणून भरलेले पैसे बुडतात.

वस्तुस्थिती : अनामत रक्कम ही शुल्क नव्हे. ती ग्राहकाचीच असून ४७ व्या कलमान्वये तिच्यावर निदान रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराइतके व्याज देणे कंपनीस बंधनकारक आहे, आणि जोडणी बंद केल्यावर येणे-देणे वळते करून उरलेली रक्कम परत मिळते. आगाऊ पैसे भरून चालणारा मीटर घेणाऱ्याकडून तर अशी अनामत मागताच येत नाही. मात्र वर्षाकाठी एकदा बिलात जमा होणारे हे व्याज आणि शेवटी परत येणारी ही रक्कम जाते ती ज्याच्या नावे खाते आहे त्याच्याकडे. पैसे भाडेकरूने दिले आणि पावती मालकाच्या नावे झाली, तर पुढे त्या रकमेवर हक्क सांगणे दुर्घट होते. म्हणूनच पावती स्वतःच्या नावे घ्यावी आणि खात्याच्या कागदांसोबत जपून ठेवावी.

गैरसमज : गरिबाला वीज फुकट मिळते, आणि सवलत आपोआप लागू होते.

वस्तुस्थिती : फुकट जोडणी आणि फुकट वीज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये घोषित झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत गरीब कुटुंबांना जोडणी विनामूल्य मिळाली, वीज नव्हे. आणि ती योजनाही मार्च २०२२ मध्ये समाप्त झाली. तिच्या नावाने आज कोणी पैसे मागत असेल, तर तो फसवीत आहे असे खुशाल समजावे. गुजरातेत अलीकडच्या दर-आदेशांनुसार दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकाला स्थिर आकार महिना ५ रुपये आणि पहिल्या ५० युनिटांना युनिटमागे दीड रुपया असा दर आहे. त्यापुढील युनिटांना नेहमीचा. पण हा दर मिळवण्यासाठी दारिद्र्यरेषेखालील असल्याच्या कार्डाची प्रत कचेरीत दाखल करावी लागते, आणि खाते ज्याच्या नावे आहे त्यालाच ती करता येते. मालकाच्या सब-मीटरवर राहणाऱ्या कुटुंबापाशी असे कार्ड असूनही त्याला सवलतीचा एक पैसा मिळत नाही, कारण कंपनीच्या दफ्तरी ते कुटुंब अस्तित्वातच नसते. ज्याला सवलतीची सर्वांत अधिक गरज, तोच तिच्यापासून वंचित राहतो, याचे कारण त्याची गरिबी नसून बिलावर त्याचे नाव नसणे हे आहे.

गैरसमज : जुन्या रहिवाशाची थकबाकी आपल्याला लागत नाही.

वस्तुस्थिती : येथे मात्र लोकांची समजूत त्यांना महागात पडते. १९ मे २०२३ रोजी ‘के. सी. निनान’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की त्याच जागेची जुनी थकबाकी फेडल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट नियमांत घालता येते. आणि गुजरातच्या २०१५ च्या पुरवठा-संहितेत तशी अट आहे. नामांतराच्या अर्जासही ती लागू होते. तेव्हा खोली भाड्याने घेताना किंवा घराचा सौदा करताना मालकाकडून शेवटचे बिल मागून घ्यावे आणि त्यातील ‘मागील बाकी’चा रकाना डोळ्यांखालून घालावा; त्या रकान्यात शून्य नसेल, तर ती रक्कम कोण फेडणार हे करारातच लिहून घ्यावे.

गैरसमज : एक बिल थकले की दुसऱ्या दिवशी वायर कापतात.

वस्तुस्थिती : ५६ व्या कलमाप्रमाणे निदान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी पुरवठा तोडता येत नाही. बिल अवास्तव आले असे वाटत असेल, तर मागणीइतकी रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती, निषेध नोंदवून भरावी. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पुरवठा चालू राहतो. दोन वर्षांहून जुनी रक्कम, ती सतत बाकी म्हणून दाखवली गेली नसेल तर, वसूल करता येत नाही. कंपनीकडून समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशा दोन पायऱ्या कायद्याने ठेवल्या आहेत. याउलट तारेवर आकडा टाकणे हा १३५ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा अपराध आहे. तेथे पंधरा दिवसांच्या नोटिशीचे संरक्षण नाही आणि गरिबीची सबबही चालत नाही.

गैरसमज : शिधापत्रिका गावाकडे असल्यामुळे सुरतेत गॅसची जोडणी मिळत नाही.

वस्तुस्थिती : वीज आणि गॅस यांचे नियम वेगवेगळे असले तरी स्थलांतरितांची अडचण एकच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘उज्ज्वला’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, परगावी कामासाठी आलेल्या कुटुंबाला पत्त्याचा पुरावा आणि शिधापत्रिका यांच्याऐवजी स्वतःचे प्रतिज्ञापन देण्याची मुभा ठेवली गेली. ही जोडणी घरातील प्रौढ स्त्रीच्याच नावे होते. म्हणजे शिधापत्रिका अमळनेरला किंवा शहाद्याला राहिली, एवढ्याने अर्ज बाद होण्याचे कारण नाही.

या साऱ्याचे तात्पर्य असे, की अल्प दर, अनामतीवरचे व्याज, नोटिशीची मुदत आणि तक्रारीचा मार्ग हे सर्व लाभ कायद्याने ग्राहकाला दिले आहेत, आणि कचेरीच्या लेखी ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाचे बिल निघते तो मनुष्य. मालकाच्या मीटरवर राहून वीज मिळते, परंतु यांतला एकही लाभ पदरात पडत नाही. एवढेच नव्हे, तर दर महिना पैसे मोजूनही त्या व्यवहाराचा कागद दुसऱ्याच्या नावे जमा होत राहतो. नाव चढवण्यासाठी करावी लागणारी तसदी एकदाची असते; ती न केल्याची किंमत मात्र प्रत्येक बिलात द्यावी लागते.