शेड बेतताना वारा विसरू नका

सिन्नरजवळच्या माळेगाव, मुसळगाव औद्योगिक वसाहतींत पोलादी शेड बांधणाऱ्याला मधे खांब नसलेली भरपूर रुंदी हवी असते. ती महाग पडते. दर मीटरचा भार तोच ठेवून खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून यंत्रे, क्रेन, ट्रक वळायची जागा आधी कागदावर मांडावी आणि शेड त्याभोवती बेतावी.

आपल्याकडे बर्फ नाही, मग छतावर भार कसला? वाऱ्याचा! भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो भरतो. छताचा पत्रा जेमतेम पाच किलोचा. वारा छताला वर ओढतो आणि मोठे दार उघडे असेल तर आतूनही ढकलतो. त्यामुळे पायाला शेड नुसती पेलायची नसते, जमिनीशी धरूनही ठेवायची असते. खर्च वाचवायला, वाऱ्याचा आडवा जोर पायापर्यंत नेणारे तिरके ब्रेसिंग गाळणे ही मला सर्वांत घातक काटकसर वाटते.

उन्हाचाही हिशेब हवा. ६० मीटर लांबीचे पोलाद ३० अंशांनी तापले की सुमारे दोन सेंटिमीटर वाढते. ही वाढ सामावणारे जोड कुठे येणार, ते पाया खणण्याआधीच अभियंत्याकडून ठरवून घ्या.