कर्मचारी-वृत्त आणि मार्गारेटबाई

आमच्या शाळेचं वार्षिक दर जानेवारीत निघतं. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर ‘कर्मचारी-वृत्त’ असतं. अमुक सर सेवानिवृत्त झाले, तमुक बाईंना कन्यारत्न झालं, कुणाची बढती, कुणाच्या मातोश्रींचं दुःखद निधन. अक्षर बरं आहे म्हणून गेली सहा वर्षं हे पान माझ्याकडेच लिहायला येतं. आणि गंमत पाहा, ह्या सहा वर्षांत माझं स्वतःचं नाव त्या पानावर एकदाही आलेलं नाही. कारण मी ‘कर्मचारी’ नाहीच. मी तासांवर शिकवणारी बाई. आठवड्याचे बारा तास, मराठी आणि इतिहास. स्टाफचा फोटो काढतात तेव्हा मी बहुधा पाचवीच्या वर्गावर असते. कुणीतरी वर्ग सांभाळायला हवाच ना!

रडगाणं गायला बसलेली नाही मी. माझ्यासारख्या तासांवर जाणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, नवऱ्याच्या दुकानाचे हिशेब लिहिणाऱ्या कितीतरी जणी हे वाचत असतील. पण मागच्या जूनमध्ये एक निमित्त घडलं आणि ही गोष्ट मनात घर करून बसली.

माझं माहेर मुरबाडचं. माझी भाची बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिने हट्टच धरला, शिकेन तर मुंबईला, विल्सन कॉलेजात. मामाचं घर गिरगावात, त्यामुळे राहायची सोय होती. दादा तयार झाला. वहिनी तयार झाली. अडून बसली ती आमची आई.

“मिशनऱ्यांचं कॉलेज ते. पोरगी बाटली म्हणजे?”

आम्ही सगळे हसलो. पण आई हसली नाही. “तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हांला हसू येतं,” म्हणाली आणि ताक घुसळायला आत निघून गेली. शेवटी असं ठरलं की, आत्याने, म्हणजे मी, बरोबर जाऊन सगळं डोळ्यांनी पाहून यावं आणि आजीला सांगावं.

मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. दादा आणि भाची एस.टी.ने कल्याणला आली. मी शहापूरहून रिक्षाने आसनगाव गाठून लोकलने कल्याणला उतरले. तिथून दादर, दादरला गाडी बदलून चर्नी रोड. मी पोळी-भाजीचा डबा घेतला होता, तो चौपाटीच्या कठड्यावर बसून खाल्ला. समोर रस्त्यापलीकडे कॉलेज. टोकदार कमानी, दगडी बांधणी, जुन्या इंग्रजी चित्रातल्यासारखी इमारत. जॉन अ‍ॅडम्स नावाच्या स्थापत्यकाराने ती बांधली, १८८९ साली पुरी झाली. भाची पाहतच राहिली. मग म्हणाली, “आत्या, हे विल्सन म्हणजे कोण गं?”

बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे तेवढं सांगता आलं. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८२९ साली मुंबईत आले. १८३२ साली त्यांनी शाळा काढली, तिचंच पुढे हे कॉलेज झालं. १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७५ साली मुंबईतच वारले. भाची “बरं” म्हणाली आणि फॉर्मची झेरॉक्स काढायला गेली. परीक्षेच्या उत्तरासारखं झालं ते. मलाच बरं वाटेना. म्हणून परत आल्यावर आमच्या वाचनालयातून पुस्तकं आणून नीट वाचायला बसले. दुपारची, भांडी आवरल्यावर. आणि मार्गारेटबाई भेटल्या.

मार्गारेट ही जॉन विल्सन यांची पत्नी. माहेरचं आडनाव बेन, गाव ग्रीनॉक. १८२८ साली लग्न झालं आणि लगोलग दोघं जहाजात बसली. मुंबईला उतरली तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. आल्या आल्या दोघं कोकणात गेली, बाणकोट-हर्णैला, कशासाठी तर मराठी शिकायला. मला हे फार आवडलं. इंग्रजी राज्य, साहेबाची बायको, तिला काय गरज होती? नोकरांना चार हुकूम सोडण्यापुरती भाषा कुणीही उचलतं. पण हिला आपल्याकडच्या पोरींना शिकवायचं होतं, आणि ते त्यांच्या भाषेत.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४मध्येच मुलींची शाळा काढली होती. मार्गारेटबाईंनी आल्यापासून दोन-तीन वर्षांत आपल्या शाळा उभ्या केल्या. तो काळ डोळ्यांसमोर आणा. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की बाशिंग बांधायचं. लिहिता-वाचता येणारी बाई विधवा होते ही समजूत घरोघरी. अशा वेळी परक्या धर्माच्या गोऱ्या बाईकडे पोर कोण पाठवणार? जी येईल ती चार अक्षरं शिकते ना शिकते तोच सासरी जाणार. दरवर्षी पाटी कोरी. मी पाचवीचा वर्ग शिकवते, त्यात दोन मुली मधेच बंद झाल्या तरी मला महिनाभर चुटपुट लागते. ह्या बाईने ते कसं सोसलं असेल! वर स्वतःचं बाळंतपण, मुलं, आणि मुंबईची ती हवा. १८३५च्या एप्रिलमध्ये ती गेली. चाळिशी गाठली नव्हती. मुंबईत उणीपुरी सहा वर्षं मिळाली तिला.

तिच्या मागे काम थांबलं नाही. १८३७ साली तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे, स्कॉटलंडहून आल्या आणि थोरलीच्या शाळा त्यांनी हाती घेतल्या. (‘हे’ हे नाव आहे बरं का! आपण नवऱ्याला म्हणतो ते ‘हे’ नव्हे.) पुढे १८४६ साली विल्सनसाहेबांनी दुसरं लग्न केलं, इझाबेला डेनिस्टनशी. तिनेही मुलींच्या शाळांचा भार उचलला, १८६७ साली जाईपर्यंत. म्हणजे एका माणसाच्या नावाने कॉलेज ओळखलं जातं, आणि त्याच्या घरातल्या चार बायका पस्तीस-चाळीस वर्षं शिकवत होत्या. मार्गारेटबाईंनी सुरू केलेली मुलींची शाळा गावदेवीला सेंट कोलंबा ह्या नावाने आजही चालते. कॉलेजपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिच्यावरूनही आम्ही त्या दिवशी गेलो असू, कुणाला ठाऊक.

विल्सनसाहेबांनी पत्नीचं चरित्र लिहिलं, ते १८३८ साली छापलं गेलं, हेही नोंदवायला हवं. सगळेच नवरे इतकं करत नाहीत.

आता आईच्या धास्तीकडे येते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की, आपण उगाच हसलो. ती धास्ती हवेतली नव्हती. १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतला. सगळी मुंबई हादरली. प्रकरण तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि घराघरांतून मुलं शाळेतून काढून घेतली गेली. वर्ग ओस पडले. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने धर्म बदलला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, तोही मिशनच्या घरी राहिलेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या हवाली केलं. पण घरी आला म्हणून काय झालं, पंगतीला कोण घेणार? बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’चे, ते मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या, असं त्यांचं म्हणणं. सनातनी मंडळींनी बाळशास्त्रींवरच झोड उठवली. थोरला नारायण पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं गाव वसवलं.

मी हे वाचलं तेव्हा मला त्या दोन भावांच्या आईचं काय झालं असेल एवढंच सुचत होतं. एक मुलगा गेला, एक आला, आणि आलेल्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत घ्यायची चोरी. मिशनऱ्यांचा हेतू धर्म वाढवण्याचा होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. आणि त्यांनी शिकवलं, तेही मनापासून. दोन्ही खरं आहे. एकच सांगून दुसरं झाकायचं, हे मला इतिहास शिकवताना कधी जमलं नाही.

शिकवण्याचा तो धागा कुठवर गेला पाहा. पुण्यात मिचेल म्हणून स्कॉटिश मिशनरी होते, त्यांच्या पत्नी मुलींना शिकवत. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई होती. १८२७ साली ती मुंबईत आली, १८३९ पासून नगरला, आणि १८६२ साली तिथेच वारली. नवरा नाही, संसार नाही, चौतीस वर्षं परमुलखात मुलींच्या शाळा. आपल्या सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे ह्या फरारबाईंकडे आणि मिचेलबाईंकडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. धर्म त्यांनी घेतला नाही. विद्या घेतली, आणि १८४८ साली भिडेवाड्यात पतीच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. सावित्रीबाईंचा फोटो आमच्या माजघरात आहे.

मग उषा मेहतांची गोष्ट सांगितली. १९३९ साली विल्सनमधूनच पदवी घेतली. १९४२च्या चळवळीत मुंबईत लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवला, पकडल्या गेल्या, येरवड्याला तुरुंगात राहिल्या. पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं आणि विभागप्रमुख म्हणून १९८० साली निवृत्त झाल्या. इंग्रजांच्या देशातल्या मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकून इंग्रजांच्याच नाकावर टिच्चून रेडिओ! आईला हे भारी आवडलं. “पोरगी हुशार होती म्हणायची,” म्हणाली. संध्याकाळी शेजारच्या काकूंना स्वतः सांगत होती.

मध्ये दादाने एक फाटा काढलाच, पुण्याला का नको? माझी नणंद पुण्याला असते. तिने औंध रस्त्यावरच्या स्पायसरचं नाव सुचवलं होतं. ही अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, १९४२ साली पुण्यात आली, आणि २०१४च्या कायद्याने विद्यापीठ झाली. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत, त्यात कामकाज बंद. मांसाहार नाही. मुलांनी बेकरीत, शेतात काम करून फीला हातभार लावायचा ही त्यांची जुनी पद्धत. तिथल्या बेकरीचा गव्हाचा ब्रेड पुण्यातल्या कित्येक घरांत जाई, नणंदेकडे मीही खाल्ला आहे. “शाकाहारी पाद्री?” आई चकित. मला ती कामाची पद्धत मनापासून पटली. पण भाचीचं मन चौपाटीवर जडलं होतं आणि मामाचं घर गिरगावात होतं. तो विषय तिथेच संपला.

त्या दिवशीची एक लहानशी गोष्ट राहिली. काम उरकल्यावर तहान लागली म्हणून आम्ही नळावर पाणी प्यायलो. दादा म्हणाला, “मुंबईचं पाणी गोड हं.” मी म्हटलं, “मुंबईचं कसलं? आमच्या शहापूरचं म्हण.” तानसा धरण आमच्या तालुक्यात, भातसाही आमच्याच तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, म्हणजे ते कॉलेज उभं राहिल्यावर तीनच वर्षांनी. आणि उन्हाळ्यात आमच्याकडच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. भाची ओंजळ तशीच धरून क्षणभर थांबली. मग प्यायली.

प्रवेश झाला. आईने निघताना भाचीच्या हातावर दही ठेवलं, डब्यात तिळाची चटणी दिली, आणि “रविवारी फोन कर” म्हणून बजावलं. बाटण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

डिसेंबरात मुख्याध्यापिकाबाईंनी नेहमीप्रमाणे वार्षिकाचं पान माझ्याकडे पाठवलं. “तुमचं अक्षर छान, लवकर करून द्या.” मी बसले. सेवानिवृत्ती लिहिली, बढत्या लिहिल्या, कन्यारत्न-पुत्ररत्न लिहिलं. मग पेन खाली ठेवता येईना. खाली नवा परिच्छेद केला. तासांवर शिकवणाऱ्या आम्ही तिघी, कुणाचे किती तास आणि कोणते वर्ग. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी बाया, त्यातल्या एकीचा मुलगा दहावीला पहिल्या वर्गात पास झाला. सकाळी सातला येऊन वर्ग झाडणाऱ्या मावशी, त्यांना ह्या वर्षी अठरा वर्षं पुरी झाली. नावं मी पूर्ण लिहिली, आडनावांसकट. खिचडीवाल्या बाईंचं नाव मला विचारावं लागलं. इतकी वर्षं रोज भेटतो, आणि मी तिला ‘अगं बाई’ म्हणूनच हाक मारत होते.

पान दिलं. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. “फार लांबलंय,” म्हणाल्या. “जागा बसते का ते प्रेसवाल्याला विचारते.”

प्रूफं अजून आलेली नाहीत.