मोबाईलवर मृदंग ऐकू येत नाही? सॅच्युरेशन लावा, पण बेतानं!

भजनाचं रेकॉर्डिंग हेडफोनवर दमदार वाटतं, पण गिऱ्हाईक ऐकतं मोबाईलवर. तिथं मृदंगाची कणीक लावलेली बाजू गायब! छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. सॅच्युरेशन मूळ सुरावर वरचे सूर चढवतं. 100 हर्ट्झ असेल तर 200, 300. स्पीकर ते वाजवतो आणि कानाला खालचा ठोका जाणवतो.

सॉफ्टट्यूबचं ‘सॅच्युरेशन नॉब’ फुकट मिळतं.

1. कंपनीच्याच साइटवर खातं उघडून डाउनलोड करा. क्रॅक कॉपी नको. त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत.
2. रीपरच्या यादीत दिसलं नाही, तर प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटीत जाऊन री-स्कॅन करा.
3. मृदंगाच्या ट्रॅकवर एफएक्स दाबून लावा. स्विच ‘कीप हाय’वर ठेवा, खालचा भाग भरतो, वरची चाट स्वच्छ राहते.
4. नॉब हळूहळू वाढवा. खरखर आली की मागे या.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या कामात मी नॉब पूर्ण फिरवला, तोही सगळ्या मिक्सवर. आवाज मोठा झाला, म्हणून मला चांगला वाटला. मंडळानं विचारलं, “बुवांचा आवाज फाटला काय जी?” मूळ फाइल जपली होती म्हणून वाचलो, पण दोन रात्रींचं काम फुकट गेलं.

म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग प्लगइन चालू-बंद करून ऐका. आणि काम देण्याआधी साध्या मोबाईलवर एकदा वाजवाच. गिऱ्हाईक तिथंच ऐकणार आहे.