बालमधुमेह आणि घराण्याचा दोष

लहान वयात मुलाला मधुमेह झाल्याचे निदान होते, तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो, ‘हे कोणाकडून आले?’ पुष्कळदा त्याचे उत्तर सुनेच्या माहेरी शोधले जाते. आजार मुलीला असेल, तर पुढे सोयरिकीत अडथळा येईल या भीतीने तो लपविलाही जातो. या समजुतींना शास्त्राचा आधार कितपत आहे, हे पाहणे उचित ठरेल.

इन्सुलिनवर अवलंबून असणारा हा मधुमेह ‘टाइप १’ म्हणून ओळखला जातो. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच येथे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक महिने, कधी काही वर्षे, ही क्रिया चालू असते. त्या काळात रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे आढळतात. मुलाने गोड खाल्ल्यामुळे हा रोग होत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मात्र आहे. सहाव्या गुणसूत्रावरील ‘एचएलए’ जनुकांच्या काही प्रकारांमुळे धोका वाढतो. ही जनुके आई आणि वडील, दोघांकडूनही येतात. ती असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. विषाणुसंसर्गासारखे बाह्य घटकही कारणीभूत असावेत, असे संशोधक मानतात. दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा आजार नसतो. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार, वडिलांना तो असल्यास अपत्याला होण्याची शक्यता शंभरात सुमारे सहा, तर आईला असल्यास सुमारे तीन असते. मुलींच्याच स्थळांबाबत अधिक साशंक होणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा.

जानेवारी १९२२ मध्ये टोरंटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्सुलिन देण्यात आले. तत्पूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूच होता. आज नियमित इन्सुलिन घेणारी मुले शिकतात, व्यापार सांभाळतात, संसार करतात. परंतु सासरी लपवून घ्यावे लागणारे इन्सुलिन चुकते आणि त्यातून जिवावर बेतू शकते. उपवासातही ते आपल्या मनाने बंद करता येत नाही. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी लागते. म्हणून सोयरिकीच्या बोलण्यातच आजार स्पष्ट सांगावा आणि ऐकणाऱ्यांनीही तो घराण्याचा दोष मानू नये.